होडीच्या पोटातलं पाणी

ताप आमच्या वेसाव्यात खाडीच्या टोकाकडून शिरला आणि एकेक घर घेत आमच्याकडे सरकू लागला. आधी बर्फाच्या कारखान्याजवळची घरं, मग देवळामागची आळी, आणि श्रावण लागला तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं जानकीचं घर. जानकी माझ्यासारखीच अंधेरीच्या बाजारात मासे विकणारी. नुसत्या आवाजाने गिऱ्हाईक थांबवणारी बाई, ती दोन गोधड्यांखाली दात वाजवत पडलेली बघितली आणि मी घाबरले. जानकीसाठी नाही, खोटं कशाला सांगू! माझ्या घरात कुंदा होती.

कुंदा माझी एकुलती एक पोर, मनोरीला दिलेली. गेल्या पावसाळ्यात तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. सहाव्या महिन्यात थंडीताप आला. सासरच्यांनी काढे पाजले, अंगारा लावला, दृष्ट काढली आणि हे सगळं करून दमल्यावर इस्पितळात नेलं. तोवर पोटातलं बाळ गेलं होतं. डॉक्टरीणबाई जावयाला म्हणाल्या, "मलेरिया होता. पुढच्या खेपेला हिला डासांपासून जपा, आणि ताप आला तर एक दिवसही घरी ठेवू नका."

या वर्षी पुन्हा दिवस गेल्याचं कळलं तशी मी बाळंतपणाच्या रीतीची वाट बघितली नाही. पाचव्यातच तिला माहेरी उचलून आणली. विहीणबाईंसमोर छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या वेसाव्याला उघडा वारा. मच्छर बसायला जागा नाय." आता तो उघडा वारा आणि मी, दोघं एकमेकांची तोंडं बघत होतो.

मी करायचं ते सगळं करत होते. पाण्याच्या पिंपाला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलं होतं. ते पिंप मी आठवड्यातून एकदा पालथं घालून घासायची. अंगणातल्या करवंट्या, फुटके डबे, जानकीच्या पोरांनी झोक्यासाठी आणलेला टायर, सगळं उचलून फेकलं. विहिरीत मुन्शिपाल्टीने गप्पी मासे सोडले होते, ते जिवंत आहेत ना हे मी रोज वाकून बघायची. आणि स्टेशनजवळच्या बाजारातून एक मच्छरदाणी आणली. तिच्यात कुंदाला दिवेलागणीलाच कोंबायची.

"आई, मी काय हलवा हाय, जाल्यात ठेवायला?" कुंदा कुरकुरायची.

"हलवा असतीस तर विकून मोकळी झाले असते. गप झोप."

इतकं करूनही डास येतच होते. पहाटे मच्छरदाणीच्या बाहेरच्या बाजूला बसलेले दिसायचे, वाट बघत. मला त्यांचा असा राग यायचा की मी एकेकाला शिव्या घालून मारायची.

मुन्शिपाल्टीचा मलेरियावाला गुणाजी आठवड्याला एक फेरी मारायचा. मूळ मालवणकडचा. संपात गिरणी सुटली आणि पाठीवर औषधी तेलाचा पंप आला. गटारात, डबक्यात तेल मारायचं, पाण्याची भांडी तपासायची, हे त्याचं काम. त्या दिवशी त्याने माझं घर कोपरान् कोपरा बघितलं आणि डोकं खाजवलं.

"वयनी, तुमच्या घरात माका काय एक गावाक नाय. मगे ही मच्छरां येतत खयसून?"

"ते तू मला सांगायचं की मी तुला?"

तो मागच्या दारी गेला आणि मान वर करून उभा राहिला. मी त्याच्या मागे गेले. त्याच्या डोक्यावर म्हातारी होती.

म्हातारी म्हणजे आमची होडी. माझ्या सासऱ्यांनी बांधलेली, म्हणून घरात सगळे तिला म्हातारी म्हणतात. दर पावसाळ्यात तिला किनाऱ्यावर ओढून आमच्या मागच्या दारी आणतात, लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवतात आणि वर ताडपत्री बांधतात. तिचं नाक थेट माझ्या स्वयंपाकघराच्या छपरावर येतं. ती ताडपत्री नारळी पुनवेला सुटते. आणि बाई? आमच्या घराण्यात बाई होडीवर पाय ठेवत नाही. होडीतला मासा विकावा, होडीची पूजा करावी, होडीसाठी उपास धरावा, पण चढायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या होडीच्या जिवावर जेवत होते, पण तिच्या आत काय आहे ते मी कधी बघितलं नव्हतं.

"ह्या होडयेत पाणी आसा काय?" गुणाजीने विचारलं.

उत्तर माझ्या मोठ्या दिरांनी दिलं. बळवंत भाऊजी पलीकडच्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. होडीचे तांडेल ते, घराचे कर्ते ते. माझा नवरा रामनाथ त्यांच्या हाताखाली जातो.

"असनारच," भाऊजी म्हणाले. "मीच ठेवलंय."

"कित्याक?"

"लाकूड जुनं हाय. सुकलं की फल्या आकसतात, सांधे उघडतात. म्हनून तलात पैल्या पावसाचं पानी ठेवतो, बापूस पन ठेवायचा. तुला काय कलनार? गिरनीत होड्या नव्हत्या."

गुणाजी खालच्या आवाजात म्हणाला, "माका एकदा चढून बघूक देवा. जरासा तेल मारतंय वरसून."

हे तेलाचं नाव निघालं आणि भाऊजी उठलेच. "माशाच्या कप्प्यात तेल? लाकूड वास धरतं, आनि मासा लाकडाचा वास धरतो. मग तुझे साहेब खातील काय रॉकेलचा पापलेट? चल, निघ."

गुणाजीने पंप खांद्यावर सारखा केला. "तेल नको तर नको, पाणी तरी सोडा. नायतर माका सायबाक सांगूचा लागतला. नोटीस येतली." तो पुटपुटत निघून गेला. मी म्हातारीच्या पोटाकडे बघत राहिले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. सगळ्या गल्लीतल्या करवंट्या मी पालथ्या केल्या आणि माझ्या चुलीमागे हे एवढं तळं.

होडीच्या तळाशी पाणी सोडायचं भोक असतं, त्यात लाकडी बूच ठोकलेलं असतं. दुपारी मी पांढरं ताट घेऊन खाली शिरले आणि बूच थोडं हलवलं. ताटात पेलाभर पाणी पडलं. स्वच्छ पाणी, पावसाचं. त्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या, उकळत्या दुधात शेवया नाचाव्यात तशा.

ते ताट मी आधी नवऱ्याला दाखवलं. त्याने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग भावाच्या ओट्याकडे. "दादा काय म्हनतो बग," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याचं हे वाक्य त्याच्या जन्मापासूनचं असावं.

मग ताट भाऊजींपुढे ठेवलं. "भाऊजी, हे तुमच्या होडीतलं. हेच उडून कुंदाला चावनार. तिचं गेल्या वर्षी काय झालं ते तुमाला ठाव हाय."

भाऊजींनी ताट बराच वेळ बघितलं. ते दुष्ट नव्हते. कुंदा आल्यापासून तिच्यासाठी चिंबोऱ्या आणायचे, तिला चढ-उतार नको म्हणून मागच्या दाराची पायरी त्यांनी स्वतः भरून घेतली होती. पण ते म्हणाले, "मथुरा, एका वर्साला बापसाने पानी काढलं होतं. पैल्याच फेरीला फली उघडली. किनारा दिसत नव्हता आनि होडीत गुडघ्याएवढं पानी. आमी हाताने उपसत आलो. मी तवा पोरगाच होतो. मच्छर चावला तर गोली मिलते. समुद्रात फली उघडली तर काय मिलतं? तुझा नवरा पन त्याच होडीत असतो."

"गेल्या वर्षी पोराला गोली नाय मिलाली," मी म्हणाले.

 ताटातलं पाणी त्यांनी गटारात ओतलं आणि ताट माझ्या हातात दिलं. मला तेव्हा त्यांच्या बोलण्यातलं खरं कळत होतं आणि म्हणूनच जास्त संताप येत होता. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. खरं बोलून पोरीचा जीव टांगणीला लावणाऱ्याशी कसं भांडायचं?

रामनाथ मला समजावू लागला. पुनवेला किती दिवस उरलेत, तोवर कुंदाला जाळीत ठेवू, उगाच पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. मी म्हटलं, "मासा कोन आनि पानी कोन ते तरी सांग." तो कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाजारातून सुके बोंबील विकून आले, तर कुंदा मागच्या दारी पायरीवर बसून लसूण सोलत होती. म्हातारीच्या सावलीत. उकडतंय म्हणून लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेलं. तिच्या पोटरीवर मी हाताने एक डास मारला. रक्त निघालं, तिचंच. ती हसली, "आई, किती जोरात मारतेस!" मला हसू आलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पुरुष सगळे देवळात बसले होते, पुनवेच्या मिरवणुकीचं ठरवायला. मी पाट्याचा वरवंटा उचलला, होडीखाली शिरले आणि बुचावर खालून तिरके घाव घातले. तिसऱ्या की चौथ्या घावाला बूच निघालं आणि पाण्याची धार माझ्या छातीवर आली. मी ओलीचिंब, पण हलले नाही. पाणी गटारातून खाडीकडे पळत होतं. त्याला बघून इतकं बरं वाटलं की मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "जा, मेल्या, जा."

धार संपली. मी होडीच्या पोटावर हाताने थापटून बघितलं. पुढे पोकळ वाजलं, मध्ये भरीव. मधला माशाचा कप्पा अजून भरलेला होता. त्याचं पाणी बुचापर्यंत येतच नव्हतं. ते वरूनच उपसायला हवं होतं.

मी हातपाय धुतले. पदर खोचला. देवाला म्हणाले, "शिक्षा द्यायची तर मला दे, पोरीच्या वाटेला जाऊ नको." आणि एक टोप काखेत मारून ठोकळ्यांवर पाय देत चढले.  होडी उंच नव्हती, पण आजवर माझ्या सासूने, तिच्या सासूने जिथे पाय ठेवला नाही तिथे मी तो ठेवत होते.

ताडपत्रीखाली अंधार, ऊब आणि भुणभुण. फळ्यांना डास चिकटलेले होते, मी हात लावला की उठायचे, परत बसायचे. कप्प्यातलं पाणी नुसतं वळवळत होतं. मी ताडपत्रीची एक बाजू सोडली आणि टोपाने उपसून बाहेर फेकू लागले. कप्पा जवळजवळ रिकामा होत आला तेव्हा खालून भाऊजींचा आवाज आला.

"कोन हाय वर?"

मी डोकं बाहेर काढलं. देवळातून आलेली सगळी मंडळी खाली उभी होती. भाऊजींचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. चिडलेला तर होताच, पण घाबरलेलाही.

"उतर," ते म्हणाले.

"उपसून होऊ द्या."

"मथुरा, होडीवरून उतर!"

"नाय उतरत."

ते खाली वाकले, बूच शोधून काढलं आणि माझ्याच वरवंट्याने परत ठोकलं. मग गर्दीकडे वळून ओरडले, "बालद्या आना. विहिरीचं पानी आना. आत्ता भरा." दोघंतिघं पळाले. एवढ्यात रामनाथ पुढे आला, पण आमच्या दोघांच्या मध्ये खांबासारखा उभा राहिला.

मी कप्प्यात उतरले आणि तळाला मांडी घालून बसले. "भरा," मी आतून ओरडले. "माझ्या डोक्यावर ओता. मी हितंच बसते पुनवेपर्यंत. मच्छर चावायचे तर मला चावू देत."

"फल्या उघडतील गो! मानसं बुडतील!"

"नाय उघडनार!" मी उभी राहिले. डोक्यात तोपर्यंत काही नव्हतं, बोलता बोलता आलं. "भाऊजी, मी टोपली घेऊन सकालपास्नं उन्हात बसते. माझा मासा कधी सुकलेला बघितला? पान्यात बुडवून ठेवते काय मी? ओलं गोनपाट टाकते. सुकलं की परत ओलं करते. होडीच्या फल्यांवर गोनपाटं पसरा. ओल राहील, पानी साचनार नाय. मी भिजवीन. रोज सकालसंध्याकाल मी चढून भिजवीन."

खाली कोणीतरी हसलं. भाऊजी म्हणाले, "होडी म्हंजे काय बोंबलाची टोपली?" आणि पहिली बालदी त्यांनी स्वतः उचलली, ठोकळ्यावर पाय दिला आणि ओतली. मी बाजूला झाले नाही. थंड पाणी डोक्यावरून उतरलं, घोट्याशी साचलं. भर आळीसमोर दिराने भावजयीवर पाणी ओतलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते कोणाला दिसलं नसेल, एवढाच काय तो फायदा.

मी टोप उचलला आणि परत उपसू लागले. त्यांनी दुसरी बालदी घेतली. तेवढ्यात होडी हलली. दुसऱ्या बाजूने रामनाथ चढत होता. त्याच्या खांद्यावर दोन रिकामी गोणपाटं होती, माझ्याच टोपलीची, मासळीचा वास मारणारी. माझ्याकडे न बघता त्याने एक कप्प्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि फळीवर पसरलं.

"रामनाथ!" भाऊजी ओरडले.

"दादा, मी पन याच होडीतून जातो ना?" तो म्हणाला.  "मला चालंल."

लग्नापासून पहिल्यांदा या माणसाचा मला अभिमान वाटला, आणि तेव्हाच मागच्या दारातून कुंदाची हाक आली.

"आई."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्या उकाड्यात तिने अंगावर गोधडी घेतली होती. "आई, मला थंडी वाजते," ती म्हणाली आणि तिचे दात एकमेकांवर आपटू लागले.

भाऊजींच्या हातातली बालदी सुटली. मी होडीतून कशी उतरले ते आठवत नाही. माझ्याआधी भाऊजी तिच्यापाशी पोचले होते. त्यांनी तिला लहान पोरीसारखी उचलली आणि "रिक्शा! रिक्शा!" करत आळीतून धावत सुटले. मागून मी, ओल्या लुगड्याने.

अंधेरीच्या इस्पितळात बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. मलेरियाच निघाला. "ताप कधीपासून?" त्याने विचारलं. "आत्ता, दुपारपास्नं," मी म्हणाले. "बरं केलंत, लगेच आणलंत," तो म्हणाला आणि गोळ्या लिहून दिल्या. मग मी विचारलं, की आज होडीतलं पाणी काढलं, तरी कसा आला? तो म्हणाला, "आजी, डास चावल्यावर ताप यायला दहा-पंधरा दिवस जातात. हा आधीचा आहे."

आधीचा. म्हणजे मी लुगड्याचं फडकं बांधून, करवंट्या फेकून स्वतःची पाठ थोपटत होते तेव्हाच तो तिच्या अंगात शिरला होता. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. भाऊजींचा, नवऱ्याचा, माझा, आमच्या घराण्याच्या रीतीचा. त्या रीतीने मला चुलीमागची होडी बघू दिली नव्हती.

डॉक्टरने कुंदाच्या पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. जागा बदलली. परत लावला. कुंदा इतकी थरथरत होती की खाट वाजत होती. "बाळाचे ठोके नीट ऐकू येत नाहीत," तो म्हणाला. "ताप उतरू दे. आज हिला इथेच ठेवू. उद्या सकाळी परत बघू." गेल्या वर्षीही असंच म्हणाले होते, असं कुंदाने मला नंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिने तेव्हाच सांगितलं. माझा हात धरून सांगितलं. मी रात्रभर तो हात सोडला नाही.

सकाळी रामनाथ चहा घेऊन आला. म्हणाला, दादा रात्री झोपलाच नाही. पहाटे उठून किनाऱ्यावरच्या एकेका होडीखाली शिरला, बुचं काढत सुटला. लोक भांडायला आले तर म्हणाला, आधी आत बघा, मग भांडा. गोणपाटं कमी पडली म्हणून त्याने बर्फवाल्याकडून आणली. मी ऐकून घेतलं. मला त्याचं कौतुक वाटलं नाही. त्या वेळी मला कोणाचंच कौतुक करायचं नव्हतं.

कुंदाचा ताप उतरला होता, अंग घामाने भिजलं होतं. भाऊजी आले ते वॉर्डात शिरलेच नाहीत. बायकांचा वॉर्ड म्हणून बाहेर जिन्याशी उभे राहिले. हातात टोपी. दारातून मला ते दिसत होते आणि त्यांना मी.

नर्स आली, मध्यम वयाची, जाडजूड. तिने नळी कुंदाच्या पोटावर ठेवली. डावीकडे. मग खाली. मग उजवीकडे. तिचा चेहरा काहीच सांगेना. कुंदाने डोळे घट्ट मिटले होते आणि मी देवाला काय काय कबूल करत होते ते देवालाच माहीत. नर्स थांबली. कान तसाच ठेवून तिने हातानेच मला जवळ बोलावलं, माझं डोकं धरून खाली केलं आणि माझा कान नळीला लावला.

आधी काही नाही. माझंच रक्त कानात धडधडत होतं. मग त्याच्या खालून दुसरं काहीतरी, बारीक, भरभर, माझ्याहून दुप्पट वेगाने.

मी उठले आणि दाराकडे गेले. भाऊजींनी मान वर केली. 

"हाय काय गो?"

"हाय," मी म्हणाले.

बळवंत भाऊजी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि टोपीत तोंड घालून रडायला लागले.